न थांबणारा दुभाषा

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या वर्षी रोज सकाळी एक वेडेपणा चालायचा. अव्वा चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापायची, अप्पा तिच्या मागं भिंतीला टेकून, डोळे मिटून बोलायचे, "चार भर, दोन सोड, एक भर, सात सोड, मागलं तीनदा," आणि मी मांडीवर वही घेऊन ते उतरवून घ्यायची. थापेच्या ठेक्यावर अप्पांचं बोलणं चालायचं. भाकरी तव्यावर टाकायला अव्वाचा हात थांबला की अप्पाही थांबायचे, थाप पुन्हा सुरू झाली की पुढं. शेजारची नरसम्मा, विणकराची बायको, तिच्या घरातला माग उजाडल्यापासून खटाखट चाललेला असायचा. ती एकदा दारातनं डोकावून अव्वाला म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं कुठल्या स्वामीचा मंत्र घेतलाय गं? आमच्या ह्यांनाबी द्या की." अव्वा हसली. नरसम्मा गेल्यावर पदरानं डोळे पुसून म्हणाली, धूर लई झालाय. चुलीत त्या वेळी नुसते निखारे होते.

खरं सांगायचं तर आम्ही तिघं मिळून एक लबाडी करत होतो. अप्पांना दिसेनासं झालं होतं, आणि ते मिलमध्ये कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी आता सत्तरी ओलांडली आहे, लबाडी कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, ती पुढं येईल.

अप्पा चादरीच्या मिलमध्ये जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, पत्ते ठोकायचे. सोलापुरी चादर अंगावर घेऊन घोरणाऱ्या माणसाला तिच्यावरचा मोर कुठून येतो हे ठाऊक नसतं, आणि त्यानं कधी विचारलेलंही नसतं. सांगते. आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून नक्षी काढतात. मग एकजण कागदावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं बोलतो, कुठले चौकोन भरलेले, कुठले सोडलेले, आणि दुसरा ते ऐकून पुठ्ठ्याच्या लांब पट्टीत भोकं पाडतो, त्याला पंचिंग म्हणायचे. एका ओळीचा एक पत्ता. असे शेकड्यांनी पत्ते झाले की ते दोरीनं एकमेकांना शिवायचे आणि शेवटचा पत्ता पहिल्या पत्त्याला बांधायचा. झाली माळ. ती मागाच्या डोक्यावर चढवली की फिरत राहते. एक चादर पुरी झाली की पुन्हा पहिला पत्ता येतो आणि दुसरी चादर सुरू होते. थांबवायचं काम विणकराचं, तो दांडा ओढतो. त्यामुळं पत्तेवाल्यांच्या बोलीत 'भर' होतं, 'सोड' होतं, 'मागलं इतक्यांदा' होतं, अर्धा मोर बोलून झाला की उरलेला अर्धा उलट बाजूनं घ्यायला 'आरसा' होतं. 'थांब' नव्हतं. अप्पांनी सगळी उमर ही बोली ऐकली आणि बोलली, मीही ती घरात ऐकतच मोठी झाले, पण हे काही आमच्या दोघांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

डोळ्यांचं मला कळलं ते शेंगाचटणीमुळं. रविवार होता, आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. अव्वानं चटणीची वाटी रोजच्या जागेवरून हलवून पलीकडं ठेवली होती, दह्याच्या गाडग्याला जागा हवी म्हणून. अप्पांनी कडक भाकरीचा तुकडा मोडला, रोजच्या जागी, म्हणजे मोकळ्या फरशीवर टेकवला, तोंडात घातला, चावला, गिळला. "आज तिखट कमी पडलं की," म्हणाले. मी आधी हसले. वाटलं, थट्टा करतायत. मग अव्वाचा चेहरा पाहिला. तिला आधीपासून ठाऊक होतं. नवऱ्यासाठी सगळी भांडी रोज त्याच जागी मांडणारी बाई त्या एका दिवशी चुकली होती, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता यायचं नाही. उरलेली म्हणजे किती, तर अप्पांच्या भाषेत "नळीतनं बगितल्यावानी" जेवढं दिसेल तेवढी, आणि तीही उन्हात. परत येताना टांग्यात ते मला एकच वाक्य बोलले. "पंचिंगच्या खोलीतनं मला भाईर काडलं ना गंगव्वा, तर मी संपलो बग." मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यानंतर आठवड्याभरानं एका संध्याकाळी ते वेळेवर घरी आले नाहीत. अव्वानं मला पिटाळलं. मी इकडंतिकडं शोधत सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले, तर सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्याला पाय लागतील एवढ्यावर, बसलेले सापडले. चपला वरच्या पायरीवर नीट जोडून ठेवलेल्या. "वारं खात बसलोय," म्हणाले. मी हात धरून त्यांना घरी आणलं. चपलांचं मी अव्वाला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आणि नेमकं त्याच महिन्यात वीव्हिंग मास्तरनं, म्हणजे विणकाम खात्याच्या साहेबांनी, अप्पांना बोलावून घेतलं. मिलला नव्या मोराची चादर काढायची होती. जुना ग्राफवाला काम सोडून गेलेला, अप्पांचा जोडीदार, बोलणारा, म्हातारपणामुळं घरी बसलेला. साहेब म्हणाले, "मल्लप्पा, हा मोर तुम्हीच उठवा. तुमच्याइतकी नक्षी या मिलमध्ये कुणाला कळत नाही." बरं, आमचे अप्पा काय म्हणाले असतील? हो म्हणाले! घरी येऊन सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "येड लागलंय का अप्पा तुमाला? ग्राफ कोण भरणार?" "ग्राफ कशाला पायजे? मोर हाय की डोक्यात सगळा," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून बोलायला लागले. पहिल्या काठापासून. अव्वाची भाकरी हातातच राहिली. मी वही शोधायला धावले. त्या दिवसापासून आमचा तो सकाळचा मंत्र सुरू झाला.

बोलून घेणं सोपं होतं. पण बोल म्हणजे ग्राफ नव्हे. "मागलं सहादा, मग आरसा" हे वहीत एका ओळीत मावतं, कागदावर त्याचे हजारो चौकोन भरावे लागतात, आणि एक चौकोन चुकला की मोराची मान मोडते. मी रोज ऑफिसातून आल्यावर भरायला बसले. चार दिवसांत वीतभर काठ झाला, त्यातही दोन चुका. या चालीनं मोर पुरा व्हायला वर्ष गेलं असतं, आणि अप्पांची नळी तर दर पंधरा दिवसांनी आणखी बारीक होत होती. कागद साहेबांच्या हातात पडला नाही तर ते ग्राफवाला बाहेरून आणणार, त्याच्यापुढं अप्पांना बसवणार, आणि मग पाच मिनिटांत सगळं उघडं पडणार. माझ्या डोळ्यांपुढून त्या जोडून ठेवलेल्या चपला हलत नव्हत्या.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि त्याच मिलच्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होते. कपाटाएवढं यंत्र, त्याला गारवा लागायचा, म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात सबंध पेठेत मी एकटी स्वेटर घेऊन कामाला जायची. माझं काम सुताच्या साठ्याची यादी सांभाळायचं, कुठल्या रंगाची किती गाठोडी आली, किती गेली. ती यादी दुरुस्त करायला एडिटर नावाचा प्रोग्रॅम होता. आता फोनवर बोट लावून अक्षर खोडता ना, तसलं काही मनात आणू नका. त्याला एकेक हुकूम टाईप करून द्यायचा, अमक्या ओळीवर जा, हा शब्द काढ, तो घाल, आणि तो तेवढंच करून गप्प बसायचा. दहा ओळींत तोच बदल असेल तर दहादा सांगा. हुकमांची यादी लिहून "बाबा रे, ही वाच आणि तुझं तूच कर" म्हणायची सोय त्यात नव्हती. यंत्र दुरुस्त करायला हैदराबादेहून येणाऱ्या इंजिनिअरनं एडिटरची आतली सगळी रचना छापलेलं जाड बाड आमच्याकडं ठेवलं होतं. जाता जाता त्यानं बोट ठेवून दाखवलं होतं की इथं थोडी जागा मोकळी आहे, स्वतःचे हुकूम बसवायचे तर बसवा. कोण बसवणार होतं? मी बसवायला घेतले.

म्हणजे एडिटरच्या पोटात मी एक दुभाषा बसवायचं ठरवलं. इंग्रजीत त्याला इंटरप्रिटर म्हणतात, पण माझ्या लेखी तो दुभाषाच. ते काम मी लहानपणापासून घरात केलं होतं. अव्वा मंद्रूपकडची, तिला कन्नडच जवळचं, नरसम्माला तेलुगू, आणि दोघी मिळून एका लोणच्यावर तासभर वाद घालणार, मधे मी. दुभाष्यानं सगळं भाषण लिहून घेऊन मग उलथायचं नसतं. एक वाक्य ऐकायचं, तेवढं पोचवायचं, पुढचं ऐकायचं. माझ्या दुभाष्यानं अप्पांचा एक बोल वाचायचा, एडिटरला त्याच्या भाषेत तेवढ्या फुल्या आणि टिंबं ओळीत घालायला लावायची, आणि पुढच्या बोलाकडं जायचं. किबोर्ड इंग्रजी, म्हणून भरचा बी, सोडचा एस, मागल्याचा एम, आरशाचा ए. परवानगी घेतली होतीस का, असं कुणी विचारेल. विचारली असती तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारली नाही.

जागा फार थोडी होती हो. डबा खायच्या सुट्टीत मी डबा न खाता त्या बाडावर पेन्सिलीनं लिहायची, खोडायची, दोन सूचनांचं काम एकीत बसवायची. आरसा बसवला की 'मागलं' मावेना, 'मागलं' बसवलं की एडिटरचेच हातपाय आखडायचे. दोन महिने असे गेले. घरी सकाळी अप्पा बोलतायत, वही भरत चाललीय, आणि ऑफिसात माझं डोकं चालत नाही. एकदा बोलता बोलता अप्पा अडले. "पिसाऱ्यातला कितवा डोळा झाला गं?" अकरावा, म्हटलं. "बग, एका मोराला किती डोळे दिलेत," म्हणाले आणि हसले. मी वही मिटून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. त्या दिवसांत मला देवाचा इतका राग यायचा की सिद्धेश्वराच्या देवळावरून जाताना मी मान वळवून घ्यायची.

शेवटी मावलं एकदाचं. यादीतले बोल संपल्यावर दुभाष्यानं काय करायचं, या प्रश्नापाशी मी क्षणभरसुद्धा रेंगाळले नाही. शेवटच्यानंतर पहिला. माळ आहे ती! उलट त्यात एक सूचना वाचली म्हणून खूश झाले. छोट्या काठावर करून पाहिलं, झकास उमटला, आणि पुरेसा उमटल्यावर मी यंत्राचा खटका ओढला, विणकर दांडा ओढतो तसा. त्यात काही चुकतंय असं मला का वाटावं? माझी सून कॉम्प्युटरवर काम करते, तिला परवा हे सांगितलं तर कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, आजही लोकं हेच करून बसतात." करत असतील. पण त्यांना निदान 'थांब' हा शब्द ठाऊक असतो.

एक गोष्ट मात्र मला समजायला हवी होती. एडिटर तयार झालेल्या ओळी चुंबकाच्या फितीवर लिहून ठेवायचा. कोरी फीत मला कोण देणार? म्हणून सुताच्या यादीच्या फितीवरच मी पुढच्या अंगाला एक चादर मावेल एवढी जागा मोजून मोकळी केली होती. एक चादर, त्यामागं मिलची सगळी यादी.

साहेबांच्या कानावर गेलं होतं की मल्लप्पाची पोरगी कॉम्प्युटरवर ग्राफ काढते आहे. त्यांनी आम्हा दोघांना दिवस दिला. त्या सकाळी अव्वानं दोघांच्या कपाळाला विभूती लावली आणि अप्पांच्या शर्टाची बटणं स्वतः लावली. मी त्यांना वाटेत घोकवत नेलं, दारातून आत अकरा पावलं, उजव्या हाताला खुर्ची, समोर टेबल. ते अकरा पावलं असे रुबाबात चालले की मलाही क्षणभर वाटलं, दिसतंय यांना. मी बोलांची यादी यंत्रात भरली आणि दुभाष्याला सोडलं. प्रिंटर धडाधड सुरू झाला. कागदावर फुल्या आणि टिंबं, टिंबं आणि फुल्या, आणि हळूहळू त्यातनं काठ, काठावरची वेल, मग मोराचा पाय. साहेब कागद हातावर झेलत म्हणाले, "अरे वा! पोरीनं कमाल केली की मल्लप्पा." मग मला म्हणाले, "तू अशी इकडे ये, मला समजावून सांग." मी खटक्यापासून उठून प्रिंटरपाशी गेले आणि फुलीचा अर्थ काय, टिंबाचा काय, हे सांगू लागले. अप्पा खुर्चीत बसून गुडघ्यावर बोटानं ओळी मोजत होते. प्रिंटरचा आवाज त्यांना मागासारखाच कळत होता.

चादर पुरी झाली. खालचा काठ आणि वरचा काठ सारखाच, त्यामुळं पाहणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. कळलं फक्त अप्पांना. त्यांचं बोट थांबलं, मान वर झाली. "माळ फिरली," ते म्हणाले. मी ऐकलं. मोठ्यानं, खणखणीत म्हणाले, "बराबर फिरली बग!" त्यांचा तो चेहरा पाहायलाच तर मी हा सगळा खटाटोप केला होता. मी खटक्याकडं गेले नाही. मी तिथंच उभी राहून अप्पांकडं बघत हसत होते, आणि दुसरी चादर मिलच्या यादीवर विणली जात होती. तिसरीचा काठ सुरू झाला तेव्हा घंटा वाजली, तांबडा दिवा लागला, फीत संपली.

मी धावत जाऊन खटका ओढला. साहेब म्हणाले, "झालं ना?" मी म्हटलं, "साहेब, सुताची यादी..." आणि फितीकडं बोट दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर ते असे भडकले की बाहेरचे कारकून दारात येऊन उभे राहिले. "कुणी सांगितले होते हे धंदे करायला? अख्ख्या मिलचे सूत बुडवलेस तू!" मग ते अप्पांकडं वळले. "मल्लप्पा, निदान हा मोर तरी धड उतरलाय का, तेवढं सांगा." प्रिंटरचे कागद माझ्या पायांपाशी होते. अप्पांनी समोरच्या टेबलावर हात टेकवला, हाताला लागला तो कागद उचलला, नेहमीसारखा डोळ्यांजवळ नेला, अंगठा ओळीवरून फिरवला. "झ्याक उतरलाय साहेब. पिसाऱ्याची कड जरा जाड हाय, ती पत्ते ठोकताना सावरून घेतो की."

तो कालचा छापलेला कागद होता. सुताच्या यादीचा, मीच ताळा बघायला टेबलावर ठेवलेला.

मी काहीही बोलू शकले असते. "अप्पा, तो नव्हे, हा," एवढं म्हणाले असते तरी निभावलं असतं. कागद पडल्याचं नाटक करता आलं असतं. मी तोंड उघडलं नाही. त्याचीच लाज वाटते मला, यादी बुडवल्याची नव्हे. साहेबांनी कागद पाहिला, मला पाहिलं, आणि मग त्यांनी हळूच आपला हात अप्पांच्या डोळ्यांपुढून नेला. अप्पा पिसाऱ्याच्या कडेबद्दल बोलतच होते. दारातले कारकून एकेक करून मागं सरकले. साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "मल्लप्पा," ते म्हणाले, "कधीपासून?" अप्पांनी कागद खाली ठेवला. चाचपून, टेबलाची कड शोधून, नीट ठेवला. "ह्या मोराच्या आदीपासनंच, साहेब," म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे लिहायलाच हवं. त्यांनी अप्पांना दंडाला धरून स्वतः फाटकापर्यंत पोचवलं. पण ठोकायच्या यंत्रापाशी आंधळा माणूस बसवता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि अप्पांनाही. अप्पा त्या खोलीत पुन्हा गेले नाहीत. पहिल्या चादरीचा कागद बिनचूक निघाला, त्यावरून दुसऱ्या माणसांनी पत्ते ठोकायला घेतले. माझी नोकरी राहिली, कारण त्याच कालच्या कागदावरून मी यादी पुन्हा टाईप करू शकत होते. रोज त्या कागदाकडं बघत एकेक ओळ टाईप करायची, ही शिक्षा कुणी मुद्दाम दिलेली नव्हती, पण याहून मोठी दुसरी देता आली नसती.

घरी अप्पा बोलेनासे झाले. सकाळी अव्वा भाकरी थापायची आणि मागची भिंत गप्प. मी पहिल्याच दिवशी पाहिलं, त्यांच्या चपला दारात नव्हत्या. अव्वानं त्या माळ्यावर, घागरींच्या मागं टाकून दिल्या होत्या. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे तळ्यावरचं तिला मी न सांगताही कळलं होतं.

आमच्याकडं रीत अशी की जेवणारा "साकु" म्हणेपर्यंत वाढणारीनं हात आखडता घ्यायचा नाही. साकु म्हणजे पुरे. त्या आठवड्यात एका दुपारी अप्पा जेवायला बसले. अव्वानं भाकरी वाढली, त्यांनी खाल्ली. दुसरी वाढली, खाल्ली. तिसरी. कालवण संपलं तरी कोरडी भाकरी मोडून चावत होते, पुढं बघत. अव्वानं रीतीप्रमाणं चौथी वाढली आणि तिचा बांध फुटला. "साकु अन्री," ती म्हणाली, पुरे म्हणा हो. "साकु अन्री, साकु अन्री," रडत रडत म्हणत राहिली, आणि ते चावत राहिले. शेवटी तिनं त्यांच्या पुढचं ताट ओढून घेतलं. ते रिकाम्या फरशीवर हात ठेवून बसले. आणि माझ्या हातात घास तसाच, आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? दुभाष्याला हेच द्यायचं राहिलं होतं! घरात असा प्रसंग चाललेला, आणि पोरीच्या डोक्यात यंत्र. पण आलं ते आलं, खोटं कशाला लिहू.

यादी पुरी टाईप झाल्यावर मी एका सकाळी पुन्हा ते बाड उघडलं आणि साकु बसवला. एस 'सोड'ला दिलेला होता, म्हणून साकुला शेवटलं अक्षर दिलं, झेड. एका सूचनेचं काम. दुभाष्यानं झेड वाचला की जिथं असेल तिथं थांबायचं, हात जोडायचे, एडिटरच्या हवाली सगळं करायचं. करून पाहिलं. थांबला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी टेबलावर डोकं ठेवून किती वेळ रडले ते आठवत नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा साहेबांनी मोराची पहिली चादर आमच्या घरी पाठवली. अव्वानं ती सतरंजीवर पसरली. अप्पा कितीतरी वेळ हात लावेनात. मग सरकत पुढं आले आणि बोटांच्या टोकांनी काठापासून वाचू लागले. जकार्डची नक्षी हाताला लागते. वेल, पाय, मान, मग पिसारा. त्यांचे ओठ हलत होते, चार भर, दोन सोड. सबंध महिन्यात मी त्यांच्या ओठांतून निघालेला तेवढाच आवाज ऐकला. "डोळे सगळे हायत," ते म्हणाले. मग माझ्या दिशेनं मान वळवून विचारलं, "त्या दिवशी ते फिरत का ऱ्हायलं गं?"

मी सांगितलं. तुमच्या बोलांत थांबण्याला शब्दच नव्हता, अप्पा, आणि मीही दिला नाही. नरसम्माकडचा माग चालू होता, तो मधेच थांबला, धागा तुटला असेल, आणि पुन्हा सुरू झाला. "तुजी चूक न्हाय," अप्पा म्हणाले. "आमच्यात तो शबूदच न्हाय. कुनी सांगितलाच न्हाय." मग म्हणाले, "आता शिकवलंस का त्याला?"

"शिकवलं. अव्वाचा शब्द घातला. साकु."

आतनं अव्वाचं भांडं घासणं थांबलं. अप्पांचा हात मोराच्या पाठीवर तसाच होता.

"मग मलाबी शिकीव की गंगव्वा," ते म्हणाले. "मला थांबायला येत न्हाय."

मी त्यांच्याजवळ सरकले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांना काय शिकवणार, मला तरी कुठं येत होतं.